शून्याचा अहवाल आला की गाडी काढा: मराठवाड्यात नव्याने रुजू होणाऱ्या साथरोगतज्ज्ञासाठी

रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी एक नकाशा केला होता. तालुकावार क्षयरुग्ण; जास्त तिथं लाल, कमी तिथं हिरवा. बैठकीत कौतुक झालं. चहाच्या वेळी एक जुने क्षयरोग पर्यवेक्षक हळूच जवळ आले आणि म्हणाले, "सर, तुमचा हिरवा तालुका बघितला. तिथं आठ महिने झाले टेक्निशियनच नाही."

लाल तालुक्यात तपासणीचं मशीन चालू होतं, माणूस जागेवर होता, आशाताई बेडक्याच्या डब्या घेऊन फिरत होत्या. म्हणून रुग्ण सापडत होते. माझा नकाशा क्षयाचा नव्हताच, तो रिकाम्या पदांचा होता, आणि तोही उलट्या रंगात.

पुढं बरीच वर्षं याच कामात गेली. आता नव्यानं येणारी मुलं-मुली तेच नकाशे घेऊन येतात. कुणी सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर झालेलं असतं, कुणी बीएएमएस करून या वाटेला आलेलं. अभ्यासाला कुणीच कमी नसतं. फक्त आकडा कुठून निघतो आणि कुणाच्या हातातून आपल्या टेबलावर येतो, हे कुणी दाखवलेलं नसतं. ते इथं क्रमानं सांगतो.

१. दोन घड्याळं वेगळी ठेवा

तुमच्याकडं श्वसनाचे सगळे विकार येतील आणि वरचे लोक ते एकाच तक्त्यात मागतील. तक्ता द्या, पण डोक्यात दोन घड्याळं ठेवा.

फ्लूचा विषाणू अंगात शिरला की एक ते चार दिवसांत ताप येतो. कोविडला दोन ते चौदा दिवस लागतात. इथं सोमवारचा आकडा सोमवारीच हवा. गुरुवारी मिळाला तर त्याचा उपयोग फक्त अहवालाला.

क्षयाचं तसं नाही. जंतूचा संसर्ग झालेल्या शंभर माणसांपैकी पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो, आणि ज्यांना होतो त्यांतल्या बऱ्याच जणांना पहिल्या दोन वर्षांत. म्हणजे आज सापडलेला रुग्ण हा कधीतरी मागच्या वर्षी, घरातल्या किंवा ऊसतोडीच्या टोळीतल्या कुणाच्या तरी खोकल्यातून आलेला असू शकतो. त्यामुळं 'जूनमध्ये क्षय ३० टक्क्यांनी वाढला' असं वाक्य दिसलं की आधी विचारा, मे अखेरीस कुठं शिबिर झालं होतं का? दहातल्या नऊ वेळा झालेलं असतं. क्षयाची तुलना तिमाहीची तिमाहीशी करा, आणि तीही मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी.

२. पहिल्या आठवड्यात एवढं गोळा करा

• जिल्ह्यातल्या सगळ्या क्षयरोग पथकांची यादी, पर्यवेक्षक आणि प्रयोगशाळा पर्यवेक्षकांच्या फोन नंबरांसह
• भरलेली आणि रिक्त पदं, पद कधीपासून रिकामं आहे त्या तारखेसकट
• सीबीनॅट आणि ट्रूनॅट (बेडक्यातला क्षयाचा जंतू जनुकांवरून ओळखणारी यंत्रं) मशीन कुठं आहेत, त्यांतली चालू किती, त्यांना लागणाऱ्या चिप-कार्ट्रिजचा साठा किती
• एक्स-रे कुठं निघतो आणि आठवड्यातून किती दिवस निघतो
• निक्षय (क्षयरुग्णांच्या नोंदीचं) आणि आयएचआयपी (साथरोगांच्या नोंदीचं) या दोन सरकारी पोर्टलचे लॉगिन (मागितल्यावर मिळतात, आपोआप कुणी देत नाही)
• प्रयोगशाळेच्या नोंदवह्या बघण्याचं पत्र, जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांच्या सहीचं
• गाववार लोकसंख्या
• खासगी दवाखाने, छातीचे डॉक्टर आणि औषध दुकानांची यादी
• साखर कारखान्यांची यादी, आपल्या जिल्ह्यातली आणि आपली माणसं ऊसतोडीला जातात त्या जिल्ह्यांतली

यांतला दुसरा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा आणि मिळायला सगळ्यांत अवघड. आस्थापना शाखेत जाऊन बसावं लागतं. बसा. ती यादी हातात आली की मगच नकाशाला हात लावा.

३. पोर्टलवर जाताना

निक्षय हे पोर्टल २०१२ साली आलं. क्षयरुग्णाची नोंद सरकारला कळवणं बंधनकारक झालं तेही त्याच वर्षी, ७ मे २०१२ रोजी. प्रत्येक रुग्णाला एक निक्षय क्रमांक मिळतो. निदान, औषध, तपासणी, पैसे सगळं त्याच क्रमांकावर चालतं. आयएचआयपी हे साथरोगांचं. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ पासून कागदावर चालत होता, तो एप्रिल २०२१ मध्ये देशभर या पोर्टलवर गेला. त्यात तीन नमुने: उपकेंद्रातला कर्मचारी लक्षणांवरून भरतो तो एस, डॉक्टर निदानाचा अंदाज भरतात तो पी, आणि प्रयोगशाळा पक्का निकाल भरते तो एल.

एस वाढला आणि पी-एल हलले नाहीत, तर बातमी आहे पण पुरावा नाही. एल एकदम वाढला आणि एस शांत, तर कुणीतरी दवाखान्यात थेट स्वॅब घ्यायला लागलंय आणि गावपातळीवर कुणाला पत्ता नाही. हे तिन्ही एकमेकांशेजारी ठेवून वाचायची सवय लावा.

निक्षयमधले दोन खड्डे सांगतो. पहिला दुबार नोंदीचा. एकच बाई सिव्हिलला 'सुमन', ग्रामीण रुग्णालयात 'सुमनबाई' आणि माहेरच्या गावच्या शिबिरात वडिलांच्या नावानं नोंदली जाते. आपल्याकडं बाई आजारी पडली की सासर तिला माहेरी पोचवतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पोर्टलला ठाऊक नाही. नावावर विसंबू नका. वय, मोबाईल नंबर, पतीचं नाव, बँक खातं यांची जुळणी करा.

दुसरा पत्त्याचा. निदान झालं ती संस्था आणि रुग्ण राहतो ते गाव, या दोन वेगळ्या गोष्टी. जालन्याचा, परभणीचा, बीडचा माणूस संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात येऊन तपासून घेतो. निदानाच्या जागेवरून मोजलं तर छत्रपती संभाजीनगर क्षयानं भरलेलं दिसेल आणि आजूबाजूचे जिल्हे ठणठणीत. रोगाचा माग काढायचा असेल तर रहिवासावरून मोजा; मशीनचा भार बघायचा असेल तर निदानाच्या जागेवरून. कुठली यादी काढली ते तक्त्याच्या डोक्यावर लिहा. सहा महिन्यांनी तुम्हाला स्वतःलाच आठवणार नाही.

४. भागाकार चुकवू नका

मराठवाड्यात आठ जिल्हे, पण एकसारखे नाहीत. २०११ च्या जनगणनेत हिंगोलीची लोकसंख्या ११.७७ लाख होती, तेव्हाच्या औरंगाबादची ३७.०१ लाख. समजा दोन्हीकडं वर्षाला १,२०० रुग्ण सापडले. हिंगोलीत ते लाखामागं १०२ होतात, संभाजीनगरात ३२. नुसता १,२०० लिहून काही सांगितल्यासारखं होत नाही.

२०२१ ची जनगणना झाली नाही, म्हणून अंदाजित लोकसंख्या वापरावी लागते. कुठली वापरली ते लिहा, आणि वर्षभर तीच ठेवा. एका जिल्ह्यात जानेवारीचा अहवाल एका आकड्यावर आणि जुलैचा दुसऱ्यावर काढला गेला, आणि सगळे दोन दिवस 'घट झाली' म्हणून खूश होते. ती घट भागाकाराची होती.

गावपातळीवर दर काढायचा मोह टाळा. १,५०० वस्तीच्या गावात दोन रुग्ण म्हणजे लाखामागं १३३, तीन म्हणजे २००. एका माणसानं गावाचा दर दीडपट होतो. गावाला दर लावू नका, गावाची नावं-पत्त्यांची यादी करा.

५. शून्य दिसलं की गाडी काढा

माझ्या मते साथरोगतज्ज्ञाचं खरं काम इथं सुरू होतं. ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून सलग दोन-तीन महिने शून्य येतंय, तिथं जा. फोन करू नका, फोनवर सगळं ठीक असतं.

गेल्यावर वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या खोलीत चहा नंतर घ्या, आधी ओपीडीचं रजिस्टर मागा. मागच्या महिन्यातल्या पंधरवड्याच्या नोंदी काढा आणि 'खोकला' लिहिलेल्या ओळी मोजा. त्यांतल्या किती जणांचा बेडका तपासला ते प्रयोगशाळेच्या वहीशी ताडून बघा. एका ठिकाणी खोकल्याच्या ऐंशीच्या वर ओळी होत्या आणि बेडक्याची तपासणी एक. ती एकसुद्धा कर्मचाऱ्याच्या नातेवाइकाची होती. शून्य अहवालात खोटं काहीच नव्हतं. तपासलंच नाही तर सापडणार काय?

शून्याची नेहमीची कारणं, माझ्या अनुभवात येणाऱ्या क्रमानं: टेक्निशियन नाही किंवा प्रतिनियुक्तीवर गेलाय; डब्या संपल्यात; नमुना न्यायला माणूस नाही; मशीन चालू आहे पण चिप नाहीत; आणि शेवटचं, खोकल्याला लिव्होफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक देऊन पाठवायची पद्धत पडलीय. हे शेवटचं सगळ्यांत वाईट. ते औषध क्षयाच्या जंतूवरही चालतं. रुग्णाला चार दिवस बरं वाटतं आणि निदान महिनाभर पुढं ढकललं जातं.

टीबीमुक्त पंचायतीच्या निकषांचंही इथंच सांगतो. हजार लोकसंख्येमागं वर्षाला एक किंवा त्याहून कमी रुग्ण हा त्यातला एक निकष, आणि सरपंचांना तेवढाच लक्षात राहतो. पण त्याच्या जोडीला हजारामागं किमान ३० संशयितांची तपासणी झालेली असावी अशीही अट आहे. २,००० वस्तीच्या गावात म्हणजे ६० तपासण्या. ही अट ज्यांनी घातली त्यांनी शून्याचा अर्थ ओळखला होता. प्रस्ताव तुमच्याकडं आला की आधी तपासणीचा रकाना बघा.

उलटा सापळाही आहे. आकडा अचानक वाढला तर मशीन बदललं का ते विचारा. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एक मिलिलिटर बेडक्यात साधारण १०,००० जंतू असावे लागतात. सीबीनॅटला शे-दीडशे पुरतात. गावात ट्रूनॅट आलं की पहिल्या दोन तिमाहींत रुग्ण वाढणारच. ट्रूनॅट गोव्यात तयार होतं आणि बॅटरीवर चालतं. आपल्याकडच्या भारनियमनात ते वरदान आहे. सीबीनॅटला मात्र एसी लागतो, आणि एप्रिल-मेमध्ये एसी बंद पडला की त्या महिन्याचे आकडे पडतात.

आणखी एक. 'दोन आठवड्यांहून जास्त खोकला' ही चाळणी सोपी आहे, पण अपुरी आहे. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत ४२.६ टक्के रुग्ण केवळ एक्स-रेमुळं हाती लागले. लक्षणांच्या प्रश्नावलीत ते सुटलेच होते. आणि लक्षणं असलेल्यांपैकी ६३.६ टक्के लोक कुठल्याच दवाखान्यात गेले नव्हते. म्हणून मधुमेही, वृद्ध, दारू-तंबाखूवाले, पूर्वी क्षय होऊन गेलेले आणि रुग्णाच्या घरातले, यांना खोकला असो-नसो, एक्स-रे काढा.

६. बेडका आणि थुंकी यांतला फरक शिकवा

याच्यावर कुणी व्याख्यान देत नाही, पण निम्मं निदान इथंच बिघडतं. डबीत पाण्यासारखी, फेसाळ लाळ आली असेल तर लाखोंचं मशीनही 'नाही' असंच सांगणार.

आशाताईंना हे शब्दशः सांगायला शिकवा: "साध्या पाण्यानं गुळणी करा. उघड्यावर, वाऱ्यात उभं राहा. दोन-तीनदा खोल श्वास घ्या, रोखा, आणि मग छातीतून खाकरून काढा. घशातलं नको, छातीतलं पाहिजे." निदान दोन मिलिलिटर हवं. दोन नमुने घ्यायचे: एक आल्या-आल्या, दुसरा सकाळी उठल्याबरोबर. नाव डबीच्या अंगावर लिहायचं, झाकणावर नाही. झाकणं प्रयोगशाळेत एका ओळीत उघडी पडतात आणि अदलाबदल होते. बंद खोलीत किंवा संडासात बेडका काढायला लावायचा नाही.

नमुना साध्या तापमानाला, म्हणजे ३५ अंशांपर्यंत, तीन दिवस टिकतो. आपल्याकडं एप्रिलमध्ये ३५ अंश सकाळी दहालाच होतात, आणि दुचाकीच्या डिकीत किती होतात ते मोजून बघा. थर्मोकोलचा डबा आणि बर्फाची वडी. हे उन्हाळ्यापुरतं तरी सक्तीचं करा.

७. खासगी डॉक्टर आणि मेडिकल दुकान

इथं कायद्याचा धाक दाखवत जाऊ नका. कायदा आहे, मार्च २०१८ च्या राजपत्रानं औषध दुकानदारांनाही नोंद कळवण्याच्या बंधनात आणलं. पण तालुक्याच्या गावात डॉक्टर एकदा दुखावले की पाच वर्षं दार उघडत नाहीत. त्यांना काय मिळतं ते सांगा. रुग्ण कळवल्यावर ५०० रुपये आणि उपचार पूर्ण होऊन निष्कर्ष कळवल्यावर आणखी ५००. पैशांपेक्षाही त्यांना दुसरी गोष्ट पटते: रुग्ण त्यांच्याकडंच राहील, तपासणी आणि औषध मात्र सरकारी. 'पेशंट पळवत नाही' हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल त्याची गणती नाही.

दुकानात गेलात तर एच-वन रजिस्टर मागा. क्षयाची मुख्य औषधं २०१४ पासून या यादीत आहेत; कुणी लिहिलं, कुणी नेलं, किती नेलं याची नोंद ठेवावी लागते. रिफॅम्पिसिन असलेल्या गोळ्यांची महिन्याची विक्री काढा आणि तेवढ्या गोळ्यांत किती रुग्णांचा महिना निघतो त्याचा हिशेब करा. निक्षयमधल्या त्या भागातल्या खासगी रुग्णांपेक्षा हा आकडा बराच मोठा आला, तर तेवढी माणसं आपल्या वहीबाहेर आहेत. वर्षभरात केलेल्या कामांपैकी हा एक दिवस मला कायम सगळ्यांत फायद्याचा वाटत आलाय.

८. ऊसतोडीचं वेळापत्रक भिंतीवर लावा

मराठवाड्यात, विशेषतः बालाघाटाच्या पट्ट्यात, क्षयाचं कॅलेंडर गळीत हंगामावर चालतं. दसरा-दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, खाली कर्नाटक. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, गावात म्हातारी माणसं आणि पोरं. अख्खे तांडे रिकामे होतात.

आता उपचाराचं गणित बघा. साध्या क्षयाला सहा महिने: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. दोन महिन्यांनी पुन्हा बेडका तपासायचा. सप्टेंबरात सुरू झालेल्या रुग्णाची ही तपासणी नोव्हेंबरात येते, आणि नोव्हेंबरात तो उसाच्या फडात असतो. ऊस तोडणाऱ्याचा दिवस पहाटे सुरू होतो. खाडा केला तर दंड कापला जातो. तो तुमच्यासाठी सुट्टी काढून अनोळखी तालुक्यातला सरकारी दवाखाना शोधत जाणार नाही. टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती फिटेपर्यंत तो मुकादमाचा.

मी स्वतः इथं चुकलोय. एक तिशीतली बाई दुसऱ्या महिन्यात दिसेनाशी झाली. दोन भेटींत कुलूप, मग पोर्टलवर 'संपर्कात नाही' असं भरून टाकलं. एप्रिलमध्ये ती परत आली, अंगावर मांस नाही, आणि बेडक्यात रिफॅम्पिसिनला दाद न देणारे जंतू. सासू म्हणाली, "ती कुठं गेली नव्हती बगा. कारखान्यावर होती. गोळ्या संपल्या तवा कुणाला इचारावं?" शेजारच्या जिल्ह्यातल्या पर्यवेक्षकाला एक फोन केला असता तर पुरलं असतं. मी तो केला नव्हता.

तेव्हापासून हे करतो:

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात उपचार चालू असलेल्या प्रत्येक रुग्णाला विचारायचं, यंदा जाणार का? 'नाही' म्हणाला तरी ऑक्टोबरात पुन्हा विचारायचं. उचल मिळाली की बेत बदलतो.

जाणार असेल तर नुसतं 'सांगलीला' लिहू नका. कारखान्याचं नाव, मुकादमाचं नाव आणि नंबर, टोळीतल्या अजून एका माणसाचा नंबर. हंगामात सिमकार्डं बदलतात, म्हणून दोन नंबर. मुकादमालाही कोपी, म्हणजे टोळीची राहायची झोपडी, कुठं पडणार ते आधी माहीत नसतं. कारखान्याच्या शेतकी विभागातल्या चिटबॉयला, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या माणसाला, माहीत असतं.

औषधं सोबत बांधून द्या आणि निक्षयवर त्या जिल्ह्यात रुग्ण वर्ग करा. नुसतं वर्ग करून थांबू नका, तिकडच्या पर्यवेक्षकांना फोन करा. पोर्टलवर वर्ग झालेला आणि तिकडं कुणीच न स्वीकारलेला रुग्ण दोन्ही जिल्ह्यांच्या आकड्यात नीट बसतो आणि कुणाच्याच हातात नसतो.

मुकादमाला आजाराचं नाव सांगू नका. कळलं तर जोडी टोळीतून काढली जाते, आणि कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. 'औषध चालू आहे, महिन्याला एकदा अर्धा दिवस द्या,' एवढंच सांगायचं.

पट्टा पडला की पंधरा दिवसांत परतलेल्या टोळ्यांची तपासणी ठेवा. सहा महिने एका कोपीत पाच-सात जण झोपलेले असतात. हे शिबिर मार्च अखेरच्या घाईत उरकू नका. तेव्हा अर्ध्या टोळ्या अजून वाटेतच असतात.

९. ताप-खोकल्याचा हंगाम

आपल्याकडं फ्लूचे दोन चढ येतात: जुलै ते सप्टेंबर, आणि दुसरा जानेवारी ते मार्च. मागच्या तीन वर्षांचे आठवडेवार आकडे एका कागदावर काढून ठेवा म्हणजे 'वाढ' कशाला म्हणायचं ते कळेल. ऑगस्टमध्ये ताप-खोकला वाढला ही बातमी नाही. मेमध्ये वाढला तर आहे.

व्याख्या घट्ट धरा. ३८ अंश किंवा जास्त ताप, खोकला, आणि दुखणं दहा दिवसांच्या आतलं: हा फ्लूसदृश आजार. त्यातच भरती करायची वेळ आली तर तीव्र श्वसनविकार. जिनिंगचा हंगाम चालू असताना जालना-परभणीकडं कापसाच्या तुसानं खोकणारे कामगार येतात; त्यांना खोकला असतो, ताप नसतो. त्यांना या यादीत घालू नका. खडीक्रशरवरच्या खोकल्याची मात्र वेगळी वही ठेवा. दगडाची धूळ फुफ्फुसात साचलेल्या माणसाला क्षय लवकर गाठतो.

यात्रांचं भान ठेवा. तुळजापूरचं नवरात्र, परळी आणि औंढ्याची महाशिवरात्र, माळेगावची खंडोबाची यात्रा. त्या आठवड्यात तिथल्या ओपीडीत आलेला खोकला बाहेरगावचा असतो. तो तालुक्याच्या लोकसंख्येनं भागला की भलताच दर निघतो. खरी नजर हवी ती यात्रेनंतरच्या आठवड्यात, आणि भाविक ज्या गावांत परतले तिथं.

स्वॅब शक्यतो पहिल्या तीन दिवसांत घ्या, २ ते ८ अंशांत ठेवा आणि ७२ तासांत प्रयोगशाळेत पोचवा. शुक्रवारी दुपारी नमुने रवाना करू नका. ते शनिवारी पोचतात, सोमवारी उघडतात, आणि मंगळवारी तुम्हाला 'नमुना अयोग्य' असा निरोप येतो.

१०. घरी जाल तेव्हा

'क्षयरोग' असं ठळक अक्षरात लिहिलेली गाडी रुग्णाच्या दारात उभी करू नका. पारापाशी किंवा शाळेपाशी लावा आणि आशाताईंसोबत चालत जा. घरात लग्नाची मुलगी असेल तर एवढ्या एका गाडीनं तिचं स्थळ मोडू शकतं. मी ते मोडलेलं पाहिलंय.

'टीबीची लक्षणं आहेत का' असं विचारलं की उत्तर 'नाही'. 'अंगात कसर राहती का? संध्याकाळी बारीक ताप येतो का? झोपेत घामानं कपडे भिजतात का? चोळी-सदरा सैल झालाय का?' असं विचारलं की माणूस बोलायला लागतो. घरातल्या प्रत्येकाला समोर बघा. 'सून शेतात गेलीय' वर समाधान मानू नका, संध्याकाळी पुन्हा जा.

वजनकाटा सोबत न्या. वजनाची नोंद हा आपल्याकडं सगळ्यांत टाळला जाणारा रकाना आहे, आणि पहिल्या दोन महिन्यांत वजन न वाढणारा रुग्णच पुढं दगावण्याची भीती जास्त. पोषणाचे पैसे १ नोव्हेंबर २०२४ पासून महिना १,००० रुपये झालेत. आधी ५०० होते. पैसे अडकण्याचं कारण बहुतेक वेळा एकच: खातं आधारशी जोडलेलं नसतं किंवा बंद पडलेलं असतं. पासबुक तिथंच बघून घ्या.

घरातल्या निरोगी माणसांना, विशेषतः पाच वर्षांखालच्या मुलांना, प्रतिबंधक औषध सुरू होतं. एक तर रोज सहा महिने, नाहीतर आठवड्यातून एकदा अशा १२ मात्रा. आधी त्यांना रोग नाही याची खात्री करूनच. 'मला काही झालं नाही तर गोळी कामून खाऊ?' हा प्रश्न येणारच. उत्तर घरून तयार करून जा.

११. अहवाल

दोन पानांच्या वर नको. पहिल्या परिच्छेदात कुठं काय वेगळं दिसलं. दुसऱ्यात ते रोगामुळं की शोधण्यामुळं, तुमचं मत. तिसऱ्यात कुणी काय करायचं, नाव आणि तारखेसह. रंगीत आलेख एक पुरे. नकाशा लावायचाच असेल तर शेजारी दुसरा लावा: तपासण्यांचा. दोन्ही एकत्र बघितल्याशिवाय कुणालाही पहिल्यावर बोलू देऊ नका.

रुग्णांची नावं असलेली यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. 'आपलाच ग्रुप आहे' म्हणत टाकलेली यादी गावच्या ग्रुपवर फिरताना मी पाहिलीय.

१२. स्वतःला जपा

एन-९५ मास्क लावा. कापडी नको, सर्जिकलही नको. रुग्णाशी अंगणात बोला. घरात बसायचं झालं तर दार-खिडकीजवळ, वारा तुमच्याकडून त्याच्याकडं जाईल असं. वर्षातून एकदा स्वतःचा एक्स-रे काढा, आणि तुमच्या ड्रायव्हरचाही. तो बिचारा रुग्णाला सिव्हिलला सोडताना काचा बंद करून एसी लावतो, कारण साहेबांना ऊन लागू नये. काचा खाली करायला सांगा.